दिवा चालू असल्याचा फोटो

माझी सगळी नोकरी लोकांच्या तक्रारी लिहून घेण्यात गेली. घरी बायको म्हणते, तुम्हाला कुणी वाटेत ‘कसे आहात’ विचारलं तरी तुम्ही आधी त्याचा वॉर्ड विचाराल. खानदेशातल्या एका महानगरपालिकेत मी कारकून होतो. शहराचं नाव लिहीत नाही. जळगावकरांनी ते धुळं समजावं, धुळेकरांनी जळगाव समजावं. दोघांचं समाधान होईल आणि माझंही निभावून जाईल. मी मूळचा सावद्याचा. घरातली सगळी माणसं केळीच्या बागांत आणि वखारींत राबली, मी तेवढा शिकलो आणि खुर्चीवर बसलो. खुर्चीवर बसून माणसाच्या हातून काय काय होतं, ते सांगायला हे लिहितोय.

तक्रार लिहून घेणं बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं सोपं नाही. समोर आलेला माणूस तक्रार सांगत नाही, गोष्ट सांगतो. ‘त्याचं असं झालं, परवा आमच्याकडे पाहुणे आले होते’ इथून सुरुवात होते. पाहुणे कुठले, ते कशाला आले, त्यांना चहा दिला की सरबत, असं करत करत गाडी शेवटी तुंबलेल्या गटारीवर येते. त्या सगळ्यातून गटार तेवढी वेगळी काढायची आणि तिला पत्ता चिकटवायचा, हे माझं काम. ते मला चांगलं जमत असे. माणूस तिसऱ्या वाक्याला पोचेपर्यंत त्याला काय हवंय ते मला कळायचं.

आधी हे सगळं एका लांबलचक रजिस्टरमध्ये होतं. खाली कार्बन ठेवून चिठ्ठी फाडायची, सकाळी वायरमन, मुकादम, प्लंबर यायचे, चिठ्ठ्या घेऊन जायचे. वायरमन चिठ्ठी वाचायचा आणि विचारायचा, “कोणता खांब? दर्ग्याजवळचा की पीठगिरणीजवळचा?” मी सांगायचो. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. रजिस्टरं हरवायची, चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात धुऊन निघायच्या, ओळखीच्या माणसाची गटार आधी निघायची आणि ज्याला ओळख नाही तो सहा सहा महिने खेटे मारायचा. त्याला उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं. त्या काळात मीही अनेकांना ‘साहेब साइटवर गेलेत’ असं सांगितलेलं आहे, तेव्हा साहेब आत डबा खात असत.

मग शहर स्मार्ट करायचं ठरलं. जुन्या सभागृहाला काचा बसल्या, एसी लागला आणि भिंतभर पडदा आला. पडद्यावर शहराचा नकाशा आणि नकाशावर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तक्रार. मुदतीत असेल तर पिवळा, काम झालं की हिरवा, मुदत टळली की लाल. लोकांनी मोबाइलवरून तक्रार करायची, फोन करायचा किंवा आमच्या केंद्रात येऊन नोंदवायची. खिडकीवर सहा मुली कंत्राटी होत्या, आणि त्यांच्यावर ‘अनुभवी माणूस’ म्हणून मला बसवलं. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. इथल्या दवाखान्यात बाळंत झालेल्या पारोळ्याच्या बाईला जन्माच्या दाखल्यासाठी तान्हं पोर घेऊन एसटीचे तीन खेटे पडायचे, तिला तो घरी मिळायला लागला. कुणाची तक्रार कुणाच्या टेबलावर किती दिवस पडलीय, ते भिंतीवर दिसायला लागलं. जे साहेब साइटवर जात नव्हते ते खरोखर जायला लागले. वाटलं, आपल्या हयातीत हे बघायला मिळालं, बरं झालं.

पण लाल ठिपक्याची सगळ्यांना भीती बसली. दर मंगळवारी बैठक असायची आणि तिथे लाल ठिपके मोजले जायचे. गटार साफ झाली का, हे कुणी विचारत नसे. ठिपका हिरवा झाला का, हे विचारत. काम केलेल्या माणसाने जागेवर जाऊन फोटो काढायचा, तो चढवायचा, की ठिपका हिरवा होई आणि तक्रारदाराच्या फोनवर संदेश जाई: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’

आता मुदतीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक प्रकारच्या तक्रारीला वेगळी मुदत होती. प्रकार यादीतून निवडायचा, आपल्या मनाने लिहायची सोय नाही. ‘मृत जनावर’ असेल तर त्याच दिवशी उचलायचं. ‘दिवा बंद’ असेल तर एका दिवसात. कचरा, गटार यांना जास्त. आणि ज्याला यादीत जागाच नाही ते सगळं ‘इतर’मध्ये, त्याला पंधरा दिवस. ‘इतर’ ज्या टेबलावर जायचं तिथला माणूस निवृत्त झाला होता आणि जागा भरली नव्हती. म्हणजे ‘इतर’ म्हणजे विहिरीत टाकल्यासारखंच. आम्हा केंद्रातल्या माणसांना हे माहीत होतं, तक्रारदाराला नव्हतं.

यावर मी एक युक्ती काढली. तिची गोष्ट मी अनेक वर्षं हसून सांगत आलो.

बाजारपेठेत कापडाचे एक शेठ होते. घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या इथेच. त्यांच्या दुकानापुढे फळगाड्या लागत आणि केळीचे दांडे, सडकी फळं तिथेच पडत. शेठ रोज तक्रार नोंदवत. सफाईवाले येत, पुढचं चार हात झाडत, तेवढ्याचा फोटो काढत आणि ठिपका हिरवा. ढीग तसाच. शेठ पक्के माणूस. त्यांनी आलेल्या प्रत्येक संदेशाची प्रिंट काढून फाइल केली आणि एक दिवस ती माझ्यापुढे ठेवली.

“भाऊ, देखो. सतरा वेळा निकाली. कचरा कायम आहे, निकाली तक्रार होते.”

मी म्हटलं, “शेठ, उद्या बघा.” आणि तक्रारीचा प्रकार निवडला ‘मृत जनावर’. दोन तासांत गाडी हजर. गाडीवाल्यांनी विचारलं, जनावर कुठंय? शेठ खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, “मला नाही दिसलं. ढिगाखाली असेल तर असेल.” मग त्या लोकांनी शिव्या देत अख्खा ढीग उपसला, गाडीत भरला, आणि तळाशी काहीच निघालं नाही. पण ढीग गेला होता. दुसऱ्या दिवशी शेठ पेढे घेऊन आले, आणि जाताना खालच्या आवाजात म्हणाले, “तेवढं आमच्या दुकानापुढे मेलेलं जनावर असं कुठे लिहून ठेवू नका, धंद्याला बरं नाही.”

तेव्हापासून मी हे सर्रास करायला लागलो. तक्रार काहीही असो, तिला जवळपास शोभेल असा कमी मुदतीचा प्रकार शोधायचा. माणूस तर लवकर पोचेल, पोचला की आपल्या डोळ्यांनी बघेल, असं माझं गणित. मुलींनाही मी ते शिकवलं. त्या त्याला ‘भाऊंचा शॉर्टकट’ म्हणत. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. साहेबांना जे जमलं नाही ते आपण यंत्राला चकवून लोकांसाठी करतोय, असं वाटायचं.

आणखी एक सवय सांगायला हवी. प्रकाराच्या खाली ‘तपशील’ म्हणून एक चौकट असे. तिथे तक्रार सविस्तर लिहायची. पण मराठीत टाइप करायला वेळ लागे, तेवढ्यात सर्व्हर झोपे आणि सगळं पुन्हा भरावं लागे. चौकट रिकामी ठेवली तर यंत्र पुढे जाऊ देत नसे. म्हणून आम्ही तिथे नुसतं एक टिंब द्यायचो. टिंब दिलं की यंत्र खूश. हेही मुलींना मीच शिकवलं.

इंदाअक्का पावसाळ्याच्या अखेरीस आली. शहराच्या कडेला नाल्यालगत एक वस्ती आहे, तिथली. सत्तरीच्या आसपासची, काटक बाई, हातात बटणांचा छोटा फोन फडक्यात गुंडाळलेला. तिच्या मागे सात-आठ माणसं रांगेत होती. तिने मात्र गोष्ट सांगितली नाही. सरळ मुद्द्यावर आली.

“भाऊ, आमना दारमोरला खांबले करंट शे. परवदिन बकरी चिटकीसन मरी गई. मानूस मरानी वाट देखू नका.”

मी विचारलं, “दिवा लागतो का त्या खांबावरचा?”

“लागस ना. दिवा लागस, बठ्ठं लागस. पानी पडनं की करंट उतरस.”

खांबाभोवती तिने बाभळीच्या काट्या रचून ठेवल्या होत्या, कुणी हात लावू नये म्हणून. पण गल्ली अरुंद. तिचा मुलगा भिका लोटगाडीवर केळी विकायचा आणि त्याला रोज काट्यांपाशी गाडी उचलून पलीकडे घ्यावी लागे. शेजारच्यांच्या मोटारसायकली अडत, ते कुरकुर करत. काट्या किती दिवस ठेवू, असं ती विचारत होती.

मी यादी उघडली. पथदिवे. ‘दिवा बंद’, ‘दिवा दिवसा चालू’, ‘खांब वाकलेला’, ‘नवीन दिवा हवा’. खांबात वीज उतरते, असा प्रकार नाही. यादी ज्याने केली त्याच्या मनात ते आलंच नसणार. राहिलं ‘इतर’, म्हणजे पंधरा दिवस आणि रिकामी खुर्ची. मी क्षणभरही विचार केला नाही. ‘दिवा बंद’ निवडलं. एक दिवसाची मुदत, वायरमन उद्या हजर होईल, तो खांबाजवळ जाईल, अक्का त्याला सांगेल, तो बघेल. तपशिलाच्या चौकटीपाशी आलो तेव्हा सर्व्हर अडखळत होता, मागचा माणूस घसा खाकरत होता. मी टिंब दिलं.

“उद्या माणूस येईल, अक्का,” मी म्हणालो. मनात होतं, वायरमनला फोन करून सांगावं. जुना वायरमन असता तर केलाच असता. आता कंत्राटदाराची पोरं होती, नंबर दर दोन महिन्यांनी बदलायचा. एकदा लावला, लागला नाही. मग रांग, मग जेवणाची सुट्टी, मग मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा वायरमन संध्याकाळी तिकडे गेला. त्याच्या फोनवर आलं होतं: दिवा बंद. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला, तिथूनच त्याला दिवा चालू दिसला. पाऊस नव्हता. अक्का बाजारात गेली होती. त्याने तिथूनच पेटलेल्या दिव्याचा फोटो काढला, चढवला आणि पुढच्या तक्रारीकडे गेला. त्याचं काय चुकलं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. शेठच्या दुकानापुढे ढीग होता म्हणून त्या लोकांना तो दिसला. इथे दिसायला फक्त दिवा होता, आणि दिवा चालू होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का पुन्हा खिडकीवर. फडक्यातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

“हाई काय लिखेल शे, वाची सांगा.”

मी वाचलं. “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे काम झालं, अक्का.”

“आते हात लावाले हरकत नही ना?”

हा प्रश्न तिने विचारला होता. मला तो शब्दन् शब्द आठवतो. पडद्यावर तिचा ठिपका हिरवा होता. मी फोटो उघडून पाहिला असता तर मला कळलं असतं, कारण फोटोत खांबाचा पायाच नव्हता, नुसता वरचा दिवा होता. मी उघडला नाही. म्हणालो, “नाही, काही हरकत नाही. वायरमन येऊन गेला.”

ती मला भरभरून आशीर्वाद देऊन गेली. घरी जाऊन तिने मुलाला काट्या काढून टाकायला सांगितलं. त्याने त्या त्याच संध्याकाळी काढल्या.

पुढचे चार दिवस कोरडे गेले. पाचव्या दिवशी पहाटे पाऊस झाला. सकाळी भिका गाडी घेऊन निघाला, गल्लीत चिखल झाला होता, चपलेत खडा अडकला म्हणून त्याने एका हाताने खांब धरला आणि पाय वर घेतला. एवढंच त्याने केलं. केंद्रात नवाच्या सुमाराला फोन आला, तो आमच्यातल्या एका मुलीने घेतला. ती पत्ता लिहीत होती आणि मी तिच्या मागे उभा होतो. पत्ता अर्धा लिहून झाला तेव्हाच उरलेला मी ओळखला.

नंतर निघालं ते असं. खांबाच्या पायाशी जी पेटी असते तिचं झाकण गेलेलं होतं, आतल्या केबलचं वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं होतं. पाणी आत गेलं की सगळा खांब जिवंत व्हायचा. दिव्याला त्याचा काही त्रास नव्हता. तो दिवा शेवटपर्यंत नीट लागत होता.

चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि प्रामाणिक होत्या, हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी सगळी नोंद मागवली. तक्रार: दिवा बंद. तपशील: टिंब. कार्यवाही: दिवा चालू असल्याचा फोटो, मुदतीच्या आत. कागदावर कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तरी त्यांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी मला बोलावून विचारलं, “दिवा चालू होता, मग बाईंनी दिवा बंद म्हणून तक्रार का केली असेल? त्या करंटचं काही बोलल्या होत्या का तुम्हाला?”

मी म्हणालो, “नोंदीत तसं नाही, मॅडम.”

हे वाक्य खरं होतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं खोटं आहे. निवृत्तीला सात महिने होते. चौकशी मागे लागलेल्या माणसाचं पेन्शन कसं अडकतं, ते मी इतरांना कितीदा समजावून सांगितलं होतं. मॅडमनी फाइल मिटली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असतो. तसं झालं असतंच असं नाही.

खांब बदलला. यादीत ‘खांबात विद्युतप्रवाह’ हा नवा प्रकार आला, मुदत दोन तास. तो माझ्याच सूचनेवरून आला आणि त्याबद्दल बैठकीत माझं कौतुक झालं. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं संकोच.

दोन महिन्यांनी अक्का केंद्रात आली. तिच्याकडे चौकशीचा निकाल कळवणारं कार्यालयाचं पत्र होतं. एवढ्या मोठ्या शहरात पत्र वाचून घ्यायला तिला माझ्याशिवाय दुसरा माणूस सुचला नाही. मी वाचलं. विद्युतप्रवाहाबाबत कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नव्हती. सदर घटना मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे दिसून येते. शेवटचं वाक्य मी गाळलं. पण पहिलं वाचलं.

“मी तं सांगेल व्हतं तुमले,” ती म्हणाली. रागाने नाही. आपलंच काही चुकत असेल, अशा सुरात. “का नही सांगं मी?”

“सांगितलं होतं, अक्का.”

“मंग चूक कोनी? काट्या काढाले मी लावात. सून मनासंगे बोलस नही. स्वयपाक करस, ताट मोरे सरकाडस, पन बोलस नही. ती म्हनस, तुम्हीच मारं त्याले.”

आता बोलायची वेळ होती. हॉलमध्ये मुली होत्या, मागे रांग होती, वर कॅमेरा होता. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, “चूक तुमची नाही, अक्का. खांबाची चूक.”

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हाई तिले येईसन सांगी द्या. मनं ती मानाव नही. तुमना शब्द मानी.”

“येतो,” मी म्हणालो. “एकदा येतो.”

मी गेलो नाही. त्या वस्तीवरून माझा जायचा-यायचा रस्ता होता, तो मी बदलला. अक्का त्यानंतर आणखी दोनदा आली होती. एकदा मी मागच्या खोलीत जाऊन बसलो, मुलीला सांगितलं, ‘भाऊ साइटवर गेलेत’ म्हण. दुसऱ्यांदा भेटलो आणि पुढच्या आठवड्यात नक्की, असं सांगितलं. रंजना, म्हणजे तिची सून, अजून बोलत नाही, एवढंच ती सांगत होती. तिला पैसा नको होता, नोकरी नको होती, कुणाला शिक्षा नको होती. घरातल्या एका बाईने आपल्याशी बोलावं, एवढ्यासाठी ती नाल्यापासून पायी यायची.

मी निवृत्त झालो. हार, नारळ, शाल झाली. भाषणांत लोकांनी ‘भाऊंचा शॉर्टकट’ची आठवण काढली आणि सगळे हसले. मग पेन्शनची कागदपत्रं फिरत राहिली, मी वाट बघत राहिलो. पेन्शनचा हुकूम हातात पडला त्या दिवशी संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन बसलो. सगळं लिहिलं. अक्काने करंटचं सांगितलं होतं. ‘दिवा बंद’ मी निवडलं. टिंब मी दिलं. हात लावायला हरकत नाही, असं मी सांगितलं. काट्या माझ्या शब्दावर निघाल्या. खाली सही केली. एक प्रत कार्यालयात देऊन पोच घेतली. दुसरी घेऊन वस्तीत गेलो. भिकाला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

घर शोधायला वेळ लागला नाही. दारासमोर नवा खांब होता. रंजना बाहेर भांडी घासत होती. तिशीची बाई, चेहऱ्यावर काहीच नाही. मी माझी ओळख सांगितली आणि विचारलं, “अक्का आहेत का?”

“डोकरीले जाईसन दोन महिना झायात,” ती म्हणाली. “बसा.”

बसलो. परत निघून यावं, कागद खिशातच ठेवावा, असं मनात आलं, तेही कबूल करतो. पण या वेळी बसलो. तिला म्हटलं, तुमच्यासाठीच आलोय, अक्काने बोलावलं होतं. मग कागद उघडला आणि सगळा वाचून दाखवला. वाचताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. संपलं तेव्हा तिच्या हातातलं पातेलं तसंच अर्धं घासलेलं होतं.

“हाई तुमले कवयपासून माहीत व्हतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिने पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, चालता हो म्हणेल. मी त्याची वाट बघत होतो. खरं तर मला ते हवंच होतं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “डोकरीनी मरती येळे मनाकडे पानी मांगं. मी दिधं नही. शेजारनीनी पाजं.”